बुटांमधला जीव

बॅलेत अंगठ्यांच्या टोकावर नाचायचा, पॉइंटचा नवा बूट पाहिला की बाहेरच्या माणसाला वाटतं, काय नाजूक वस्तू आहे! गुलाबी सॅटिन, रेशमी फिती. पायात घालून अंगठ्यांवर उभे राहा म्हणावं, मग बोला. टोकाला कापडाचे थर सरसात भिजवून वाळवलेली डबी असते, ती लाकडासारखी टणक. तळव्याखालची पट्टी वाकायचं नाव घेत नाही. डावा-उजवा असा भेदही नसतो. दोन्ही सारखेच, कोणता डावा व्हायचा ते पाय ठरवतो. म्हणून आमच्याकडे नव्या बुटाला आधी मार खावा लागतो. दाराच्या बिजागरीत चेपायचा, मागच्या दगडी जिन्यावर आपटायचा, पट्टीचं टाचेकडचं टोक कापायचं, मग घालून हळूहळू फिरवायचा. त्या जिन्यात दिवसभर ठकठक चालू. नवा पहारेकरी आला तेव्हा बिचारा कितीतरी दिवस सुतार शोधत होता.

गोम एवढीच, की बूट मऊ झाला की त्याच घडीपासून तो मरायलाही लागतो. मोठ्या भूमिकेत एक जोड एका खेळात संपतो. तेव्हा दूध तापवायचं, पण उतू जाऊ द्यायचं नाही, असा हा उद्योग. रिम्माइतका तो कोणालाच जमत नसे.

रिम्मा माझ्या शेजारच्या आरशाची. शाळेपासून आम्ही बरोबर, थिएटरात आलो त्याही बरोबरच, आणि दोघीही जन्मभर मागच्या रांगेत. पुढे कोणीतरी मरत असतं नाहीतर लग्न करत असतं, आणि आम्ही मागे कधी झाडं, कधी लाटा. या हंगामानंतर आम्हा दोघींना पेन्शन, नाचणाऱ्यांना ती लवकरच मिळते. मला त्याचा आनंदच होता, कारण माझे गुडघे माझ्याआधीच निवृत्त झाले होते. रिम्मा मात्र पेन्शनचं नाव काढलं की केसांच्या पिना मोजायला घ्यायची.

ताया शरदात आली. कामा नदीकाठच्या कुठल्याशा गावची, शाळा नुकतीच संपलेली, सरळ पाठीची आणि मोठ्याने हसणारी. खिशात सदा सूर्यफुलाच्या बिया. एकदा रेडिएटरवर वाळत घातलेले बूट तिने आपले समजून चढवले आणि तासभर सराव करून परत आली. ते रिम्माचे होते.

"म्हणजे? मला कळलं कसं नाही?" ताया बुटांकडे बघतच राहिली.

रिम्माने तिचा पाय मांडीवर घेतला, स्वतःचा शेजारी ठेवला. तीच लांबी, तीच रुंदी, अंगठ्याशेजारचं बोटही तसंच किंचित पुढे.

"घे," मी म्हटलं, "रिम्मा, तुला पोटची नाही तर पायाची मुलगी मिळाली."

त्या दिवसापासून ताया तिला नुसतं 'रिम्मा' म्हणू लागली, अगं-तुगंवर आली. रिम्मालाच ते हवं होतं. एरवी नव्या मुली आम्हाला बापाच्या नावासकट हाक मारतात, आणि ती ऐकली की आपण भिंतीवरच्या तसबिरीत जाऊन बसल्यासारखं वाटतं.

मग हिवाळ्यात 'विणकराची मुलगी' पुन्हा बसवायला घेतलं. जुना बॅले, कित्येक वर्षं पेटीत पडलेला. तो पूर्वी होत होता तेव्हा मुख्य भूमिकेसाठी राखीव म्हणून रिम्माला ठेवलं होतं. राखीव म्हणजे काय, तर सगळं शिकायचं आणि पुढची आजारी पडायची वाट पाहायची. ती बाई कधी शिंकलीसुद्धा नाही. रिम्मा विंगेत उभी राहून रोज आख्खी भूमिका बोटांनी नाचायची, हवेत, छातीशी हात धरून. मी पाहिलंय.

आता ती भूमिका आमच्या शिक्षिकेने, कापितोलिना अर्काद्येव्हनाने, रविवारच्या दुपारच्या खेळासाठी तायाला दिली. रिम्माने तिला मिठी मारली, रडली, स्वतःजवळचा जुना कंगवा दिला. ते सगळं खरं होतं, बरं का. मत्सर हा काही दाराशी उभा राहून आत येऊ का म्हणून विचारत नाही, तो चपला घालूनच घरात फिरत असतो.

तायाच्या मापाचे बूट मॉस्कोहून यायचे होते. त्यातला एकच जोड वेळेवर पोचला, बाकीचे वाटेत हिमवादळात अडकले. त्यात तायाच्या अंगठ्याचं नख निघून आलेलं. जुन्या मेलेल्या बुटांत कापूस कोंबून ती तालीम करत होती, आणि नवा जोड मऊ करायला पाय कुठून आणणार?

"आण इकडे," रिम्मा म्हणाली. "माझा पाय तो तुझाच पाय. मी जरा फिरवून देते. तू बोटांना हवा लागू दे."

"रिम्मा, तू माझी आई आहेस!"

"आई नको म्हणू, वय वाढतं."

शुक्रवारी दुपारी सगळे खाणावळीत गेले. त्या दिवशी खिमा भरलेल्या पेल्मेनी होत्या, त्यामुळे पियानोवालीसुद्धा झाकण न लावता पळाली. मोठ्या तालीमघरात रिम्मा एकटी. पुढचं मला तिनेच शनिवारी सकाळी सांगितलं, आरशात माझ्याकडे न बघता.

आधी ती नेमाने चालली. कठड्याला धरून पाय वर, पाय खाली. बूट छान बसले, पट्टी हवी तिथे वाकली. तिथेच काढून ठेवायचे होते. पण समोर आरसा, पायात त्या भूमिकेसाठी आलेले बूट. तिला वाटलं, नुसती सुरुवात करून बघू, मुलगी माग सोडून उठते तेवढीच. मग ती उठली, तर नदीवर जाणं आलंच. नदीवर गेली, तर तो सुरेल लांब तोल. मग वळणं. तोंडाने गुणगुणत, ओला श्वास टाकत, एवढी वर्षं बोटांत दाबून ठेवलेलं सगळं पायांतून बाहेर आलं.

"किती नाचलीस?" मी विचारलं.

"सगळं."

"सगळं म्हणजे?"

"दोन्ही अंक. शेवटचा नमस्कारसुद्धा केला. रिकाम्या खुर्च्यांना."

मला हसू आलं. तिने ड्रॉवर उघडून बूट माझ्यापुढे ठेवले. टोकाची डबी दाबली तर पावाच्या मऊ भागासारखी आत गेली. तळव्याची पट्टी मधोमध मोडलेली. मोडतानाचा आवाज तिने ऐकला होता. ऐकूनही ती थांबली नव्हती.

"रिम्मा, हे मेलेत."

"मला दिसतंय."

"पोरीला सांग."

"सांगते. आधी काहीतरी करून बघू."

माझ्याकडे सरसाची बाटली होती. ती मीच दिली, म्हणजे मी काही धुतल्या तांदळासारखी नाही. तिने डबीत सरस ओतला, बूट रेडिएटरवर ठेवले, टोकं पुन्हा टणक झाली. पण पट्टीचं काय? जखम मांडीला आणि मलम शेंडीला. पट्टीवर तिने आतून कॅनव्हासचा तुकडा चिकटवला आणि वरून अस्तर इतकं सफाईने बसवलं की मलाही दिसेना. आत पेन्सिलीने एकात 'डावा', दुसऱ्यात 'उजवा' लिहिलं. तिचं अक्षर शाळकरी मुलीसारखं गोल आहे.

दुपारी ताया आली. बूट घातले, उभी राहिली, एक गिरकी घेतली.

"अग्गोबाई! जुन्या चपलांसारखे बसलेत! रिम्मा, सोन्याचे हात आहेत तुझे."

"जरा मऊ जास्त झालेत का?" रिम्माने विचारलं. आता सांगेल असं वाटलं.

"छे! मला असेच आवडतात." तायाने पिशवीतून एक बरणी काढली. "आईने रासबेरीचा मुरांबा पाठवलाय. मी तिला लिहिलं होतं तुझ्याबद्दल. ती म्हणते, तुझ्या रिम्माला माझा नमस्कार सांग. उद्या ती येणार आहे ना, रात्रभराचा प्रवास करून. बाल्कनीत बसेल. तिला दाखवते तू कोण ते!"

रिम्माने बरणी घेतली. ताया गेल्यावर मी चहा केला, मुरांब्यात चमचा बुडवला. रिम्माने हातही लावला नाही.

"खा की."

"घशाखाली उतरणार नाही."

"मग जा आणि बोल."

"काय बोलू? तुझ्या बुटांचा जीव मी खाल्ला म्हणू? पहिल्या खेळाच्या आदल्या दिवशी? ती घाबरेल. तिच्या पायात भीती शिरेल. बूट टिकतील गं. सरस चांगला बसलाय."

भीती कोणाच्या पायात शिरली होती ते दिसतच होतं. खाई त्याला खवखवे. तिचा स्वतःचा जोड, खेळासाठी छान तयार केलेला, तिच्या खुंटीला लटकत होता. तो दिला असता तर प्रश्न मिटला असता. पण का देतेस, असं तायाने विचारलं असतं, आणि त्या 'का'चं उत्तर रिम्माकडे असूनही नव्हतं.

रविवारी बर्फ पडत होतं तरी थिएटर भरलं. ताया आरशापुढे बसून फितींच्या गाठींवर टाके घालत होती. आम्ही सगळ्याच घालतो, नाचताना गाठ सुटायला नको म्हणून. खेळ संपल्यावर कात्रीनेच कापायची. तिने पाय रिम्मापुढे केला. "शेवटचा टाका तू घाल. शकुन."

रिम्माने घातला. बोटाला सुई टोचली, रक्ताचा ठिपका फितीवर पडला, तो तिने थुंकी लावून पुसला.

रंगमंचावर जाणाऱ्याला आमच्याकडे कोणी शुभेच्छा देत नाही, दृष्ट लागते. शिकार मिळू नये असंच म्हणायचं, आणि समोरच्याने शिवी द्यायची.

"ना पर मिळो, ना पीस," रिम्मा म्हणाली.

"जा सैतानाकडे!" ताया खदखदून हसली आणि पळाली.

पहिल्या अंकात आम्ही विणकरांच्या बायका. मागच्या रांगेत हातात हात. माझ्या हातात रिम्माचा होता, बर्फासारखा गार आणि घामाने ओला. तायाने सुरुवात सुरेख केली. लोक खोकायचे थांबले. मग नदीवरचा तो लांब तोल आला, आणि मला तिची टाच दिसली. बुटाचा तळ पायाशी राहिला नव्हता. पट्टी सुटून एका बाजूला फिरत होती, आणि ती पोर नुसत्या स्नायूंवर उभी होती, खालून काहीही आधार नसताना.

"नको, नको, नको," रिम्मा ओठ न हलवता म्हणत होती.

वळणांच्या शेवटी ताया कोसळली नाही, पण लडखडली. हात जमिनीपर्यंत गेला आणि वर आला. बाल्कनीतून कोणीतरी "अरे!" म्हटलं. तो आवाज एका बाईचा होता. तिची आई असेल किंवा नसेल, रिम्माच्या नखांनी माझ्या तळहातावर मात्र वळ उठले.

मध्यंतरात ताया आमच्या खोलीत येऊन जमिनीवरच बसली. स्वतःच्या खोलीत गेली नाही, रिम्माकडे आली. चेहऱ्यावरचा रंग वाहत होता.

"माझा पाय कमजोर आहे," ती म्हणाली. "बूट इतके चांगले आणि मला त्यावर उभं राहता येत नाही. शाळेत बाई म्हणायच्याच, तुझा घोटा दगा देईल."

कापितोलिना अर्काद्येव्हना दारात आली. ती ओरडत नाही, ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

"दुखापत आहे?"

"नाही. मला... मला जमत नाहीये."

"तुझ्या जागी राखीव असलेल्या नेल्लीला कपडे घालायला सांगितलंय. दुसरी घंटा व्हायच्या आत मला सांग. यात लाज नाही. पण आज नेल्ली गेली, तर ही भूमिका नेल्लीची. हेही तुला माहीत असावं."

दार बंद झालं. तायाने मान हलवली आणि कात्रीकडे हात नेला. "नेल्लीच बरी. रिम्मा, आईला काय सांगू गं?"

मी रिम्माकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून उभी होती. देवाशपथ, क्षणभर वाटलं ही गप्पच राहणार. गप्प राहिली असती तर कुणालाही कळलं नसतं. पोरीने स्वतःलाच दोष देऊन टाकला होता, रिम्माला काही करायचंही नव्हतं.

"तुझ्या पायाला काही झालेलं नाही," रिम्मा म्हणाली. "बूट मेलेत."

"हे? हे तर नवे आहेत."

"मी त्यात नाचले. शुक्रवारी. तुझी भूमिका. पट्टी मोडली, मी वरून झाकलं."

तायाला समजायला वेळ लागला. तिने बोट बुटात घातलं, अस्तर उचकटलं, कॅनव्हासचा तुकडा बाहेर ओढला आणि त्याकडे बघत राहिली.

"सगळं नाचलात?"

नाचलीस नव्हे, नाचलात. रिम्माचा चेहरा पांढरा पडला.

"सगळं."

"वळणंसुद्धा?"

"हो."

"पडलात?"

"नाही."

या 'नाही'त जे होतं ते मी ऐकलं, तायाने ऐकलं आणि रिम्माने स्वतःही ऐकलं. एवढ्या सगळ्यात, पोर समोर जमिनीवर रडत असताना, त्या एका शब्दात तिचा ताठा होता. नंतर ती मला म्हणाली की बाकी सगळ्याची लाज कधीतरी बोथट होईल, या 'नाही'ची होणार नाही.

ताया उठली. डोळे पुसले.

"तुमचे बूट काढा, रिम्मा ओसिपोव्हना."

रिम्मा खुर्चीवर बसली. फिती शिवलेल्या होत्या, कात्री मीच चालवली. ताया तिच्याकडे न बघता ते बूट चढवत होती. अजून उबदार असतील. मी फितींना नवे टाके घातले, वेडेवाकडे, पण घट्ट. तायाने एकदा अंगठ्यांवर उभं राहून पाहिलं. बरोबर बसले. बसणारच.

दुसरी घंटा झाली. कापितोलिना अर्काद्येव्हना आली.

"मी जातेय," ताया म्हणाली. "बूट खराब निघाले होते. बदललेत."

"आधी का नाही बघितले?"

"चुकलं."

रिम्माने तोंड उघडलं, पण ताया तिच्यापुढून निघाली होती. दारात रिम्माने कसंबसं म्हटलं, "ना पर मिळो..."

ताया थांबली. रिवाजच तसा आहे, उत्तर न देता जाता येत नाही.

"जा सैतानाकडे," ती म्हणाली. या वेळी हसली नाही.

दुसऱ्या अंकात रिम्माच्या पायात ते मेलेले बूट होते. मी म्हटलं, पोट दुखतंय म्हण, मागची रांग एकीवाचून ओस पडत नाही. तिने ऐकलं नाही. आम्ही लाटा होऊन उभ्या राहिलो आणि पुढे ताया नाचली. कशी नाचली ते मी सांगत बसत नाही. मंगळवारी खाणावळीतल्या भांडीवालीपर्यंत सगळे तेच सांगत होते. रागाने तिच्या पाठीत एक सरळपणा आला होता, तो आधी नव्हता. माझ्या शेजारी प्रत्येक वेळी अंगठ्यांवर चढताना रिम्माच्या घशातून बारीक आवाज येत होता. तिचे डोळे मात्र पुढे होते. तिचे बूट ती भूमिका करत होते आणि ती मागून बघत होती, पूर्वी विंगेतून बघायची तशीच. फक्त या वेळी तिची बोटं हलत नव्हती.

टाळ्या पडल्या, फुलं आली. ताया वाकली, शिक्षिकेकडे वळली, वाद्यवृंदाकडे वळली. रिवाजाप्रमाणे तिने मागच्या रांगेकडेही हात केला, आम्हा सगळ्यांकडे. सगळ्यांकडे म्हणजे कोणाकडेच नाही.

सोमवारी थिएटर बंद असतं. मंगळवारी रिम्माच्या आरशापुढे तिचे बूट ठेवलेले होते, कागदात गुंडाळून. कापलेल्या फिती काढून नव्या लावल्या होत्या, बारीक, एकसारख्या टाक्यांनी. चिठ्ठी नाही, काही नाही. रिम्माने ते टाके अंगठ्याने चाचपले आणि म्हणाली, "शिवी दिली असती तर परवडलं असतं."

इतक्यात मागच्या जिन्यातून ठकठक ऐकू आली. रोजचीच, पण रिम्माने कान टवकारले. ठोका चुकीचा होता, जड आणि आंधळा. ती उठली. मीही मागोमाग गेले.

ताया पायरीवर बसली होती. अडकलेलं पार्सल अखेर पोचलं होतं. नवा जोड, त्यातला एक बूट टाचेला धरून ती दगडावर टोकाने आपटत होती. अंगठ्याला पट्टी, शेजारी बियांची टरफलं. आम्हाला पाहून थांबली नाही.

"टोकावर नको," रिम्माच्या तोंडून गेलंच. "डबी फुटेल."

ठक. मग तिचा हात थांबला. ताया बुटाकडेच बघत होती.

"मग कुठे मारू, रिम्मा ओसिपोव्हना?"

रिम्मा दोन पायऱ्या उतरली आणि तिने हात पुढे केला. सवयीनेच, इतक्या वर्षांच्या सवयीने. तायाने बूट छातीशी धरला.

"नुसतं सांगा."

रिम्माने हात मागे घेतला. तो कुठे ठेवावा ते तिला कळेना, शेवटी स्वेटरच्या बाहीत घातला.

"बाजूला," ती म्हणाली. "करंगळीच्या हाडापाशी येतं तिथे. आणि हळू."

ठक.

"अजून हळू."

ठक.

"हं. आता फिरव. दुसरी बाजू."